भुताच्या पिच्चरआधीचा खुलासा

आमच्या घरात भुताला जागा नव्हती. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच करणी, नजर, उतारा, अंगात येणं हे सगळं घराबाहेर गेलं आणि बाबांनी ते पुन्हा उंबऱ्याच्या आत येऊ दिलं नाही. लहानपणी मला ताप आला की गोळी मिळायची. एकदा शेजारच्या काकू माझ्यावरून मिरच्या ओवाळायला आल्या, तेव्हा बाबांनी त्या मिरच्या त्यांच्या हातून मागून घेतल्या आणि आईला ठेच्यासाठी दिल्या. काकू बरेच दिवस आमच्याशी बोलल्या नाहीत. ठेचा मात्र त्यांच्याकडेही गेला होता.

अशा घरातली मी मुलगी. नालवाडीत सासर, वर्ध्याच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. तरीही उघडपणे सांगते, की आमच्या घराचं बरं झालं ते भुतांमुळे. खऱ्या नव्हे, पिच्चरमधल्या. त्यांचे उपकार मानायला मला लाज वाटत नाही आणि कुणी हसलं तर हसू दे.

बाबा समुद्रपूरच्या टॉकीजमध्ये ऑपरेटर होते. रिळांच्या पेट्या एसटीनं यायच्या तेव्हापासूनचे. गावात त्यांना नावानं हाक मारणारे थोडेच, बाकी सगळ्यांचे ते ऑपरेटर भाऊ. टॉकीजचे मालक जुने कास्तकार. त्यांचं मन कापसात आणि तुरीत. टॉकीज त्यांच्या वडिलांनी हौसेनं बांधलेली, ती यांच्या गळ्यात पडलेली. वय झालं तसं त्यांनी किल्ल्या बाबांच्या हातात दिल्या. 'तू चालव, उरन ते दोघायचं,' एवढं बोलून ते शेतावर निघून गेले. तोवर रिळं जाऊन पिच्चर थेट उपग्रहावरून मशिनीत उतरायला लागला होता आणि ऑपरेटरला बटन दाबण्यापलीकडे फारसं काम उरलं नव्हतं. बाबांना त्याचं वाईट वाटायचं, पण फार नाही. त्यांना पिच्चरपेक्षा प्रेक्षक पाहायला आवडायचे. केबिनच्या झरोक्यातून माणसांची डोकी पाहण्यात त्यांचा अर्धा जन्म गेला होता.

लॉकडाऊन उठल्यावर टॉकीज उघडली, पण डोकी दिसेनात. मोठमोठ्या हिरोंचे पिच्चर आले आणि आठवड्याच्या आत उतरले. ज्याच्या त्याच्या हातात फोन, मग खुर्चीतले ढेकूण चावून घ्यायला कोण येतंय? दुपारच्या शोला बाल्कनीत माणसांपेक्षा कबुतरं जास्त असायची. त्यातच मालकांचा मुलगा शिक्षण संपवून गावी परतला. त्याचं म्हणणं, टॉकीज पाडून लॉन करू. लग्नांना गावात जागा नाही, आपल्याकडे गाड्या लावायला मोकळं पटांगण आहे. त्याच्या म्हणण्यात दम होता. मला तो तेव्हा डोळ्यांसमोर नकोसा व्हायचा, ही गोष्ट वेगळी. मालक म्हणाले, 'एखादं वर्ष पाहू.'

त्याच वर्षात अमरावतीच्या वितरकाचा फोन आला. भुताच्या एका हसवणाऱ्या पिच्चरचा दुसरा भाग येत होता. पहिला भाग काही वर्षांपूर्वी शहरांत गाजला होता, आता दुसऱ्याची हवा होती. बाबांनी चक्क नको म्हणून सांगितलं. नोकरीत असताना हुकमानुसार त्यांनी भुताचे पिच्चर पुष्कळ लावले होते. तेव्हाचे ते पिच्चर, ते पाहायला दारू टाकून येणारी पोरं, आणि मग महिनाभर गावात कुणाच्या ना कुणाच्या अंगात येणं, हे सगळं त्यांनी पाहिलं होतं.

'मी माह्या हातानं लोकायले भेव विकणार नाई,' ते म्हणाले.

आई भाकरी थापत होती. मान वर न करता ती म्हणाली, 'भूत नसते म्हणता नं तुमी? मंग भेता कायले? लावा पिच्चर.'

दोन दिवसांनी बाबांनी तोडगा काढला. पिच्चर लावायचा, पण सुरू होण्याआधी पडद्यासमोर उभं राहून लोकांना सांगायचं की भूत नसतं. वितरकानं फोनवर ते पुन्हा एकदा सांगायला लावलं. तिखटाच्या गाडीवर उभं राहून तिखट खाऊ नका म्हणण्यासारखं ते होतं. पण समुद्रपूरकडून त्याला तशीही मोठी आशा नव्हती, म्हणून तो हो म्हणाला.

पहिल्या शोला मी मुद्दाम रजा काढून गेले होते. बाजाराचा दिवस, दुपारची वेळ. गावोगाव पिच्चरची जाहिरात करत फिरणाऱ्या ऑटोतला माईक बाबांनी काढून आणला होता. पांढरा शर्ट घालून ते पडद्यासमोर उभे राहिले.

'नमस्कार, रामराम, जय भीम,' त्यांनी सुरुवात केली. कुणी सुटायला नको, हा त्यांचा हिशोब. 'पिच्चर पाहाच्या आंधी एक खुलासा करतो. भूत नसते. यात जे दिसन ते पावडर, तार आन् कम्प्युटर व्हय. घरी जाऊन कोणाच्या अंगात आलं तं टॉकीज जबाबदार नाई.'

मागून एकजण ओरडला, 'मंग पैसे कायचे घेतले, भाऊ?'

'हासाचे घेतले,' बाबा म्हणाले.

हॉल असा हसला की कबुतरं उडाली. मग दुसऱ्यानं विचारलं, पहिला भाग आम्ही पाहिला नाही, दुसरा कसा कळेल? आदल्या रात्री बाबांनी पहिला भाग माझ्या फोनवर पाहून ठेवला होता. आता त्यांनी तो सांगायला घेतला. माझे बाबा असं काही करू शकतात हे मला तोवर माहीत नव्हतं. झरोक्यातून आयुष्यभर पिच्चर पाहिलेला माणूस, कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, त्याला सगळं ठाऊक. त्यांच्या तोंडून त्या पिच्चरमधली भुतीण शेजारपाजारची बाई होऊन गेली. 'तिच्यावर अन्याव झाला. जित्तेपणी तिले कोणी इचारलं नाई, म्हून मेल्यावर बोलून राह्यली,' असं ते म्हणाले, तेव्हा बाजाराच्या पिशव्या मांडीवर घेऊन बसलेल्या दोन-तीन बायांनी माना हलवल्या.

त्यांतच एक मावशी होती. जवळच्या एका खेड्यातल्या बचत गटाची ती अध्यक्ष, आवाज असा की तिला माईक लागू नये. त्या दिवशी ती एकटीच आली होती. मध्यंतरात उठून थेट बाबांसमोर येऊन उभी राहिली.

'तिचे पाय उलटे कसे केले, भाऊ?'

'कम्प्युटरनं,' बाबा म्हणाले.

'म्हंजे तुमाले बी ठाऊक नाई,' ती म्हणाली आणि भजी घ्यायला गेली.

बाबांना ते लागलं. त्या संध्याकाळी त्यांनी मला कामाला लावलं. मी फोनवर शोधून शोधून त्यांना समजावलं, हिरवा पडदा कशाला लावतात, माणूस दोरीवर लटकवून मग दोरी कशी पुसतात, उलट्या पायांसाठी बूट कसे करतात. पुढच्या बाजाराला मावशी आली ती आपल्या गटातल्या बाया दोन ऑटोंत भरून. बाबांनी खुलाशात बुटांचं सांगितलं आणि तिच्याकडे पाहिलं. तिनं मान डोलावली.

मग बायांची रीघ लागली. आमच्याकडे भुताच्या पिच्चरला बाया येत नसत. आल्या तर घरून बोलणी बसत. नवीन लग्न झालेली, पोटुशी, बाळंतीण, हिला बाहेरचं लागेल, तिला लागेल, अशी भीती. पण आता सासूला सांगता येत होतं, की तिथं ऑपरेटर भाऊ आधीच सांगतात काही नसतं म्हणून. मग सासूही यायची. लोक त्याला खुलासाच म्हणू लागले. उशिरा आलेले दारात विचारायचे, 'खुलासा झाला का?' झाला असेल तर काहीजण चहा पीत बसायचे आणि पुढच्या शोला आत जायचे. वर्ध्याला तो पिच्चर उतरला तरी आमच्याकडे चालूच होता. पेपरात त्याच्या कमाईचे कोटींचे आकडे यायचे, ते बाबा घरी मोठ्यानं वाचून दाखवायचे आणि आईला म्हणायचे, 'यात आपली बी चिल्लर हाय.'

आमच्या स्टाफरूममध्ये एक सर आहेत, त्यांना प्रत्येक गोष्टीत लोकांची अक्कल काढायची सवय आहे. ते एकदा म्हणाले, तेच भूत, तोच वाडा, तीच किंकाळी, आणि लोक पुन्हा पुन्हा पैसे मोजतात. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, सर, तुमच्या घरी दर दिवाळीला तोच चिवडा होतो, तेव्हा तुम्ही वहिनींची अक्कल काढता का? त्यांनी वह्या तपासायला घेतल्या. पण त्यानंतर मी स्वतःशी त्यावर बराच विचार केला. हिरोचा पिच्चर पाहायला लोक हिरोसाठी जातात, आणि हिरो म्हातारा होतो. भूत म्हातारं होत नाही. एकदा ओळख झाली की दुसऱ्या भागात त्याला भेटायला जायचं असतं, तिसऱ्यात त्याचं पुढं काय झालं ते विचारायला. आमच्या बाया तिकिटाच्या खिडकीवर तसंच विचारायच्या, 'थे मागची हाय नं याच्यात?' जणू नणंद माहेरी येणार होती. मोठमोठे हिरो पडत होते त्या दिवसांत या ओळखीच्या भुतांनी देशभरच्या टॉकीजी जगवल्या. त्यात आमची एक होती.

छताचे फुटके पत्रे बदलले गेले ते त्या भुतिणीच्या कृपेनं. बायांसाठी वेगळा संडास बांधला गेला, त्याचं श्रेय मात्र मावशीला. 'संडास नाई तं आमी नाई,' असं तिनं मालकांना तोंडावर सांगितलं होतं. मालकांच्या मुलानंही लॉनचा नकाशा कपाटात ठेवून दिला. पुढच्या दोन वर्षांत मी बाबांना जेवढं खूश पाहिलं तेवढं आधी कधी पाहिलं नव्हतं. कुठलाही भुताचा पिच्चर लागला, की ते त्याची गोष्ट, त्यातल्या युक्त्या, मागचे भाग, सगळं तयार करून ठेवायचे. लग्नाच्या पंगतीतसुद्धा लोक त्यांना गराडा घालायचे.

मग त्यांचा आवाज बसला.

आधी त्यांनी पंख्याच्या धुळीवर ढकललं, मग थंड पाण्यावर. बाबा खर्रा खायचे, सुपारी-तंबाखू घोटलेला. देव सोडला, नवस सोडला, भूत सोडलं, पण खर्ऱ्याची पन्नी त्यांच्या खिशातून सुटली नाही. मी त्यावरून त्यांच्याशी कितीदा भांडले असेन. शेवटी वर्ध्याच्या दवाखान्यात तपासणी झाली आणि घशात कॅन्सर निघाला. जीव वाचवायचा तर स्वरयंत्र काढावं लागेल असं डॉक्टरांनी सांगितलं. बाबांनी माझ्याकडे न पाहता मान हलवली. ऑपरेशन झालं, पुढचे उपचार झाले, बाबा घरी आले. गळ्याला खालच्या बाजूला श्वासासाठी एक भोक, त्यावर जाळीचा कपडा, त्यावर दुपट्टा. आवाज नाही. काही हवं असलं की टाळी वाजवायचे आणि ओठ हलवायचे. आईला सगळं कळायचं, मला अर्धं. ते वाचले, याबद्दल मी त्या डॉक्टरांचे, नर्सबाईंचे, रक्त देऊन गेलेल्या गावातल्या पोरांचे आभार मानते. पण तेव्हा मला आभारापेक्षा राग जास्त येत होता, कुणावर ते सांगता आलं नसतं.

आणि राग कुणावर काढायचा ते लवकरच कळलं. एकदा हिंगणघाटहून समुद्रपूरच्या एसटीत उभी होते. पुढच्या सीटवरच्या दोन बाया बोलत होत्या.

'भूत नाई, भूत नाई म्हणे नं थो ऑपरेटर? धरला मंग तिनं गळा.'

'आवाजच घेऊन गेली म्हणतेत.'

मी त्यांना म्हटलं, मी त्यांची मुलगी आहे. त्या चपापल्या. मग एकीनं सरकून मला बसायला जागा दिली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला. भांडण झालं असतं तर बरं वाटलं असतं. तो हात मला सहन होईना, कारण त्या बाईला खरोखरच वाईट वाटत होतं आणि ती खरोखरच त्यावर विश्वास ठेवत होती. पुढे कळलं की सगळ्या तालुक्यात तेच बोललं जात होतं. माझ्या बाबांनी जन्मभर जे सांगितलं त्याच्याविरुद्ध पुरावा म्हणून लोक आता त्यांचाच गळा दाखवत होते. आम्ही ते बाबांपासून लपवलं. पण बाबांचा आवाज गेला होता, कान नव्हे.

अशात तिसरा भाग जाहीर झाला. मालक आजारी असत, त्यांनी आईला निरोप पाठवला. या पिच्चरवर पाहू, नाही चालला तर दिवाळीनंतर लॉनचं काम काढू. टॉकीजची जबाबदारी त्यांच्या मुलानं घेतली. खरं तर त्याला मदतच करायची होती. नागपूरच्या मॉलमध्ये भुताच्या पिच्चरसाठी केलेली सजावट त्यानं पाहिली होती, म्हणून इथंही करायचं ठरवलं. प्लास्टिकचा सांगाडा आणला, काळ्या बाहुल्या टांगल्या, तिकिटाच्या खिडकीवर लिंबू-मिरचीच्या माळा सोडल्या. आणि आतल्या दारात, बरोबर मधोमध, गुलालाचं रिंगण काढून त्यात नारळ, लिंबं, हळद-कुंकू लावलेली बाहुली मांडून ठेवली. म्हणजे आपल्या हातानं उतारा मांडला. नवीन पिढीची गंमत म्हणून लोक हसतील, फोटो काढतील असं त्याला वाटलं होतं.

बाजाराच्या दिवशी दुपारी मावशीच्या गटाचे ऑटो आले. त्यानंतरचं मला मालकांच्या मुलानं दोन दिवसांनी फोनवर सांगितलं. आवाज पडलेला, पण काही लपवलं नाही. त्यासाठी मी त्याचीही ऋणी आहे. बाया उतरल्या, दारापर्यंत आल्या आणि गुलाल पाहून जागच्या जागी थांबल्या. मावशी म्हणाली, 'आंधी तुमी म्हणत होते काई नाई. आता तुमीच लिंबं बांधून राह्यले.'

'अवो मावशी, डेकोरेशन व्हय थे.'

'डेकोरेशन कोणी उंबऱ्यात ठेवते का? ऑपरेटर भाऊ कोठी हायत?'

उतारा ओलांडून कुणी आत गेलं नाही. ऑटो परत गेले आणि गावोगाव बातमी झाली की टॉकीजवाल्यांनीच आता मान्य केलं, तिथं काहीतरी आहे. पुढचे शो जवळपास रिकामे गेले. झाडूवाला तर दारातलं ते सामान उचलायलाच तयार होईना. शेवटी मालकांच्या मुलानं स्वतः खराटा घेतला आणि सगळं झाडून काढलं.

हे तो सांगत होता तेव्हा मी माहेरी होते आणि फोन स्पीकरवर होता. बाबांनी टाळी वाजवली. स्वतःकडे बोट केलं, मग रस्त्याकडे. त्यांना टॉकीजवर जायचं होतं, पुढच्या बाजाराला, खुलाशाला.

मी नाही म्हटलं. म्हटलं, खुलासा मी करते, तुम्ही घरी बसा. त्यांनी पुन्हा स्वतःकडे बोट केलं. माझा तोल सुटला. 'बाबा, भुताचा पिच्चर पाहायला लोक येणार आणि समोर तुम्ही उभे राहणार, गळ्याला भोक पडलेलं. लेकरं किंचाळतील. लोक तुम्हाला पाहायला येतील, जत्रेतलं काही पाहतात तसं. मला ते चालणार नाही.' बाबांनी माझं पूर्ण ऐकून घेतलं. मग आईकडे पाहिलं. आई उठली आणि तिनं कपाटातून त्यांचा पांढरा शर्ट काढला.

जाहिरातीच्या ऑटोसाठी मी माझ्या आवाजात रेकॉर्ड करून दिलं, 'ऑपरेटर भाऊ सोता येणार हायत, खुलासा होईन, पाहाले येजो.' आणि लोक आले. हॉल भरला. पण त्या दिवशी लोक कशासाठी आले होते ते मला कळत होतं. भुतिणीनं आवाज नेलेला माणूस कसा दिसतो, ते त्यांना पाहायचं होतं. बाया खुर्चीच्या कडेवर बसल्या होत्या, उठून पळता येईल अशा बेतानं. मावशी तिसऱ्या रांगेत होती.

मी माईक घेतला. बाबा माझ्या शेजारी. 'नमस्कार, रामराम, जय भीम,' मी म्हटलं आणि पुढे वर्गात बोलते तसं बोलत गेले. भूत नसतं, आवाज कसा तयार होतो, स्वरयंत्र म्हणजे काय, तंबाखूनं कॅन्सर कसा होतो. कुणी ऐकत नव्हतं. सगळ्यांचे डोळे त्या दुपट्ट्यावर. मी म्हटलं, 'बाबांचा आवाज खर्ऱ्यानं गेला आहे, भुतानं नाही.' मागच्या रांगांतली चघळणारी तोंडं क्षणभर थांबली.

'खर्रा तं आमी बी खातो,' मागून एक म्हणाला. 'आमचा काऊन नाई गेला मंग?'

कुजबुज सुरू झाली. विज्ञानाच्या पुस्तकात याला उत्तर आहे, पण ते त्या हॉलमध्ये चाललं नसतं. मला बाबांना तिथून ओढून घरी न्यावंसं वाटत होतं आणि सगळ्या हॉलला शिव्या द्याव्याशा वाटत होत्या. बाबांनी माझ्या दंडावर हात ठेवला.

तेवढ्यात मावशी उठली. रांगेतून वाट काढत पुढे आली आणि बाबांसमोर उभी राहिली.

'पाहू दे, भाऊ.'

बाबा जरासे वाकले आणि त्यांनी मान वर केली. मावशीनं त्यांचा दुपट्टा सोडला, जाळीचा कपडा बाजूला केला. कमरेच्या पिशवीतून चष्मा काढून लावला. तिनं ते भोक पाहिलं, मग भोकाच्या दोन्ही बाजूंनी गेलेल्या त्या खुणांवरून, इकडून तिकडं, बोट फिरवलं. घाई नव्हती तिला. पाहून झालं तेव्हा ती हॉलकडे वळली.

'टाके व्हय हे,' ती म्हणाली. 'माह्या पोटावर असेच हायत, पिशवीच्या आपरेशनचे. भुतानं गळा धरला असता तं टाके घालून देल्ले असते का? बसा नीट. लावा पिच्चर.'

आधी बाया हसल्या, मग सगळा हॉल. खर्ऱ्याचं विचारणाराही हसला. मी बाबांकडे पाहिलं. ऑपरेशननंतर ते कधी हसले नव्हते, बहुतेक आवाजाशिवाय कसं हसायचं ते त्यांना कळत नसावं. आता त्यांचे खांदे हलत होते, गळ्यातून नुसती हवा फसफसत होती, डोळ्यांतून पाणी येत होतं. मी माईक खाली केला, कारण मला रडू आवरत नव्हतं आणि ते सगळ्या समुद्रपूरला ऐकू गेलं असतं. मावशीनं जाळीचा कपडा जागेवर बसवला, वरून दुपट्टा बांधला, फार घट्ट नाही ना म्हणून बोट घालून पाहिलं, आणि जाऊन बसली. बाबांनी केबिनकडे हात केला.

तो पिच्चर आमच्याकडे दिवाळी ओलांडून चालला. मालकांनी लॉनचं नाव पुन्हा काढलं नाही, आणि चौथा भाग कधी येणार हे हल्ली त्यांचा मुलगाच वितरकाला विचारत असतो. सुट्टीच्या दिवशी खुलासा मी करते, एरवी मालकांचा मुलगा. बोलणारं कुणीही असो, बाबा शेजारी उभे असतात. भूत नसतं असं आम्ही म्हटलं की ते स्वतःच दुपट्टा सोडतात, मान वर करतात आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत सगळ्यांना दिसेल असे सावकाश वळतात. पुढच्या रांगेत लहान लेकरं बसलेली असतात. अजून एकही घाबरलं नाही.